सामंतकाकांचे नवे दात

सामंतकाका भेटले की ‘कशी आहेस’ असं विचारत नाहीत. ‘हस बघू’ म्हणतात. आपण हसलो की चष्मा कपाळावर चढवून, वाकून आपले दात बघतात, “वरचे दोन मजबूत आहेत, नशीबवान आहेस,” असं काहीतरी पुटपुटतात आणि जिना चढायला लागतात. कोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानेच आलेल्या एका सुनेने हा प्रकार घाबरून सासूला सांगितला. सासू म्हणाली, “माझेही बघितलेत. कवळी आहे म्हटल्यावर फार हळहळले.”

काका माझे शेजारी. मधे एकच भिंत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, घरात एकटेच. सुधाकाकू मी इथं राहायला येण्याआधीच गेलेल्या. संध्याकाळी मी कुकर लावते त्या सुमाराला काका भिंतीपलीकडे क्लॅरिनेट वाजवायला बसायचे. रोज यमन. दुसरं काही नाही. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तो यमन आहे हेसुद्धा काकांनीच सांगितलेलं.

मग त्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या दातांखाली धरून फुंकायचं असतं, म्हणजे नेमके तेच दोन कामाचे. ते काढून हाडात स्क्रू बसवले आणि डेंटिस्टबाईंनी बजावलं, “मी सांगेपर्यंत फुंकायचं नाही.”

काकांनी फुंकलं नाही. पण वाजवायचं सोडलंही नाही. गॅलरीत बसून नुसती बोटं चालवायचे. आवाज शून्य. मधेच मान डोलवायचे, मधेच स्वतःवर वैतागायचे. खालून जाणारे लोक थांबून वर बघायचे. वॉचमनने मला हळूच विचारलं, “मॅडम, अंकल का बाजा खराब है या मेरा कान?” इतरांच्या दातांकडे बघायची सवय काकांना लागली ती याच काळात.

अखेर नवे दात बसले, परवानगी मिळाली, आणि त्या संध्याकाळी मी शिट्टी झाली म्हणून गॅस बंद केला. शिट्टी कुकरची नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका क्लॅरिनेट घेऊनच दवाखान्यात निघाले. मी सोबत गेलेले. तपासणीच्या खुर्चीत बसून त्यांनी वाजवून दाखवलं. बाहेर बसलेला एक पेशंट उठून निघून गेला. बाईंनी दात हलवून पाहिले.

“काका, दात एकदम पक्के आहेत.”

“दात पक्के आहेत हो. सूर हलतोय.”

“मग वाद्य दाखवून घ्या,” असं म्हणून बाई मोकळ्या झाल्या. कल्याणच्या दुरुस्तीवाल्याने क्लॅरिनेट उलटसुलट करून, स्वतः वाजवून, ‘काही झालेलं नाही’ म्हणून परत दिलं. मग काकांनी ठाण्याला जाऊन कान तपासून घेतले. तेही ठणठणीत निघाले.

“दात बरोबर, वाद्य बरोबर, कान बरोबर,” काका माझ्या दारात उभं राहून म्हणाले. “मग चुकतंय कोण, मनीषा?”

मी काय सांगणार? “छान वाजतंय की, काका,” म्हटलं. सगळे तेच म्हणत होते. म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं? पण ‘छान’ ऐकलं की काका आणखीच गोंधळायचे. हळूहळू वाजवणं कमी झालं. एकदा म्हणाले, “एखाद्या चांगल्या दातांच्या माणसाला देऊन टाकावं म्हणतो.” मला वाटलं गंमत करतायत. चेहऱ्यावर तर गंमत नव्हती.

त्यानंतर एका संध्याकाळी पुन्हा यमन सुरू झाला. मी पोळ्या लाटत होते. एकाच जागी सूर पुन्हा पुन्हा अडकत होता. ऑफिसचा वैताग डोक्यात होताच, मी खिडकीतून ओरडले, “काका, तिथं चुकतंय!”

भिंतीपलीकडे एकदम सामसूम. मग माझी बेल वाजली. काका क्लॅरिनेट घेऊन दारात.

“कुठे चुकतंय?”

“ते वर वर जाता ना, तिथं शेवटी पोचतच नाही. आधी पोचायचं.”

त्यांनी तिथंच उभं राहून वाजवलं.

“अजून नाही, काका.”

ओठ सारखे केले. पुन्हा वाजवलं.

“किंचित राहिलं.”

जरा थांबून, डोळे मिटून फुंकलं. “हां! हे. अस्संच होतं,” मी म्हटलं.

काकांनी क्लॅरिनेट खाली घेतलं. मला वाटलं, दुखावले.

“सॉरी काका, मी उगाच ओरडले.”

“नाही गं. सुधा ओरडायची. अशीच, पोळ्या लाटता लाटता. तिलाही गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण चुकलं की आतून आलंच, ‘अहो, घसरलात!’ ती गेल्यावर इतक्या वर्षांची सवय होती, त्यावर निभावलं. आता तोंडच नवं. सगळे छान म्हणतात. त्या छानचं मी काय करू, सांग?”

तव्यावरची पोळी करपल्याचा वास यायला लागला होता, पण मला हलवेना.

“उद्यापासून ती खिडकी उघडी ठेवशील?” त्यांनी विचारलं.

“ठेवीन की.”

दोन पावलं गेले आणि वळले.

“आणि जोरात ओरड हं. सुधा कधी हळू बोललीच नाही.”