मळईचा हजेरीपट

पूर ओसरला की आमच्या शेजारचे गुरुजी झाडांची हजेरी घेतात. लेंगा गुडघ्यावर दुमडून, शाळेचा जुना हजेरीपट काखेत मारून ते नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात, मळईत उतरतात आणि खणखणीत आवाजात पुकारतात, "वाळुंज एक, करंज एक, करंज दोन..." 'हजर' कुणी म्हणत नाही. गुरुजी खूण करून पुढे सरकतात. वाहून गेलेल्या झाडापुढे 'शाळा सोडली' असा शेरा. बेरीज मात्र दरवर्षी चारने जास्त येते. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! मी चिडवलं की म्हणतात, "तपासलंय मी."

मला पुराचा राग. दोनदा माझ्या स्वयंपाकघरात पाणी शिरलंय. गुरुजींना पूर म्हणजे प्रवेशाचे दिवस. करंजाच्या शेंगा पाण्यावर तरंगत येतात, मागे राहिलेल्या गाळात रुजतात आणि पटावर चढतात.

मग नदीला संरक्षक भिंत झाली. सह्या मीच गोळा केल्या होत्या. घरं कोरडी राहिली आणि मळईही. जुनी झाडं उभी होती, पण खाली रानमोडीचं तण माजलं. दोन पावसाळे एकही रोप उगवलं नाही. गुरुजींनी माझ्याकडे चहाला येणं सोडलं. ते मला फार लागलं.

यंदा ग्रामसभेत ते उठले. म्हणाले, "भिंतीला माझ्या घरामागच्या परड्याशी वाट पाडा. पाणी परड्यातून मळईत जाईल. तुमच्या घरांच्या बाजूला मी स्वखर्चाने चिऱ्यांचा पक्का गडगा घालतो."

सरपंचबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या केळी, अळू, सगळा वाहून जाईल वो."

"जाऊ दे. पोरांना यायला वाट नको?"

सभा हसली. मीही हसलो.

श्रावणात पाणी आलं. गुरुजींच्या केळी आडव्या झाल्या, माझं घर कोरडं राहिलं. पूर ओसरल्यावर त्यांनी मला मळईत बोलावलं आणि पट माझ्या हातात दिला. ते चिखलात वाकून रोपं मोजत होते, तोवर मी पानं चाळली. पहिल्या पानावर झाडं नव्हती. चार मुलांची नावं होती. पट कमी म्हणून आमची शाळा बंद झाली, तेव्हाची ही शेवटची चार. आईबापांबरोबर केव्हाच मुंबईला गेलेली. 'शाळा सोडली' हा शेरा त्यांच्यापुढे नव्हता.

"लिहा," गुरुजी चिखलातून म्हणाले, "नवीन प्रवेश, अकरा."

मी अकरा लिहिले. खाली बेरीज केली आणि तीत चार मिळवले.