माझी शहाळी पिणारे नाना

मला भेटायला येणाऱ्यांनी आणलेली सगळी शहाळी नाना तावडे प्यायले. तेही माझ्यासमोर, माझ्या खाटेला टेकून, शेवटचा घोट सुर्रकन ओढत. साल चौऱ्याऐंशी. मी मुलुंडच्या एका इस्पितळात पडलो होतो. पायांपासून वर चढत गेलेल्या लकव्याने श्वासाला मशीन लागलं होतं; मशीन सुटलं, पण गिळणं काही परतलं नव्हतं. नाकात नळी आणि नळीतून पेज. हात हलत असते तर ते रिकामं शहाळं मी नानांच्या डोक्यात घातलं असतं.

नाना आमच्या वरच्या मजल्यावरचे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. साकीनाक्याला नळ बनवणाऱ्या कारखान्यात जन्मभर माल तपासून निवृत्त झालेले. माझी बायको शैला नोकरी सांभाळायची, म्हणून दुपारची सोबत नानांची. डॉक्टरांनी त्यांना एकदाच बजावलं होतं की तोंडाने पाणी द्यायचं नाही, फुप्फुसात उतरेल. झालं. माझ्या मावशीने देवळातलं तीर्थ आणलं, तर नाना म्हणाले, "रिजेक्ट." मावशी म्हणाली, अहो, थेंबभरच तर आहे. "मग देवाला सांगा, घट्ट करून पाठव." मावशी जी गेली, ती पुढे आमच्या गणपतीलाही फिरकली नाही. शहाळीही रिजेक्टच; पण टाकून कशाला द्यायची, म्हणून नानांच्या पोटात.

मग गिळण्याचे धडे सुरू झाले. आधी दही, मग नाचणीचं सत्त्व. पातळ सगळ्यात शेवटी. पाठ ताठ, चमचा छोटा, हनुवटी छातीकडे. शिकवलं सिस्टरने, पण सिस्टरला दयामाया होती. नाना प्रत्येक चमच्याला माझ्या गळ्याकडे टक लावून बघत. आ करायला लावून गालात राहिलेलं शोधत. मग मला माझंच नाव सांगायला लावत. आवाज ओला आला की, "घशात पाणी वाजतंय रे. रिजेक्ट," आणि वाटी बाजूला. चांगला कमावता बाप्या मी, चमचाभर दह्यासाठी रडायचो. तेव्हा मनात दिलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

घरी आलो, सगळं खायला लागलो, तरी नाना काही सुटेनात. जेवायच्या वेळेला हजर, समोर खुर्ची ओढून. आमटी पातळ झाली की शैलाला तंबी. ती एकदा भडकून म्हणाली, नाना, आता मीच तुम्हा दोघांपैकी एकाला रिजेक्ट करते. नाना हसले. उठले मात्र नाहीत.

एका दुपारी माझा घास तोंडात असताना त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावलं. "खाली."

मी ताट लोटलं. "तुमच्या घरी बघायला कोणी नाही, म्हणून माझ्या घशात येऊन बसता काय?"

मी एरवी फार बोलणारा माणूस नाही. बोललो ते हे. नानांनी खुर्ची जागेवर नेऊन ठेवली. पोळी इतक्यात नको, भातच खा, एवढं सांगून ते वर गेले आणि यायचे बंद झाले. मला तर उलट त्यांचाच राग आला. माणसाने इतकं मनाला लावून घ्यावं? शेवटी शैलाने मला अक्षरशः ढकलत वर पाठवलं, माफी मागायला.

दार लोटलेलंच होतं. नाना ओट्याशी उभ्या उभ्या पातेल्यातून भात खात होते. मला बघताच पातेलं ठेवून पुढे आले. ठसका लागला का रे, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. माफीचा शब्द काही तोंडातून निघेना. तो पुढेही कधी निघाला नाही. मी खाली फरशीवर बसलो आणि म्हणालो, जेवा तुम्ही, मी बसतो.

नानांनी ताट घेतलं, त्यात भात वाढला, माझ्यासमोर मांडी घातली. घास घेतला, चावला. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चावत राहिले.

"तू जा रे," ते घास गालात धरूनच म्हणाले. "कोणी बघत बसलं की उतरत नाही मला."

मी हललो नाही. मग नाना बसल्या जागी भिंतीकडे वळले, आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी तो घास गिळला.