खंडू अस्वलाची दाते पडलेली काठी

बरोबर सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, एका जंगलात, हौसा अस्वलिणीचा उजवा डोळा लवला.

बाळांनो, बाईचा उजवा डोळा लवणे वाईट. तेवढ्यावर हौसाचा दिवसभराचा घोर भागायचा.

तिचा नवरा खंडू सुतार. पिल्लू पाळण्यातून पडू नये म्हणून तो कठडा करत होता. त्याला बोटभर रुंदीच्या पट्ट्या हव्या होत्या. खंडू मशीनच्या आडपट्टीला फळी टेकवून ती फिरत्या करवतीकडे सरकवायचा. शेवटी पंजा पात्याला भिडेल म्हणून उरलेले टोक काठीने ढकलायचा.

हौसाने मशीनला लिंबू-मिरची बांधली. खंडूच्या मनगटाला काळा दोरा बांधला, लांब टोक सोडून.

"अगं, हा पात्यात गुंतेल!"

"दृष्ट लागली म्हणजे कळेल!"

खंडूने दोरा दातांनी तोडला.

मग हौसाला काठी दिसली. टोकाला करवतीचे दातच दात उमटलेले.

"अगो बाई! करवतीने उष्टावलेली काठी! असलं अपशकुनी घरात ठेवतात का?"

खंडू फळी आणायला गेला तशी तिने काठी चुलीत घातली. वर त्याच जाळावर चहा ठेवला.

चहा घेऊन ती आली तेव्हा मशीन घरघरत होते. पट्टी संपत आली होती. खंडूचा पंजा मागे काठी चाचपत होता. काठी नव्हती. पंजा तसाच पुढे निघाला.

"अहोऽऽ!"

खंडू दचकला. पात्याने पंजावरचे केस भुर्रकन उडवले. त्याने कोपराने बटण बंद केले आणि बोटे मोजली. पाच होती.

"काठी कुठंय?"

हौसाने कप पुढे केला. "ह्याच्यात."

"अगं, ती चावे खात होती म्हणून मी शाबूत होतो!"

हौसाने रुखवतातले लाकडी उलथणे आणून दिले. पट्टीचे टोक अडकावे म्हणून खंडूने त्याला खाच पाडली. संध्याकाळी कठडा झाला, उलथण्याला तीन दाते पडले. हौसाने दृष्ट काढली ती उलथण्याची.

तात्पर्य : करवतीला निदान बटण असते, काळजीला नसते. म्हणून अरुंद पट्टी कापताना हातात काठी धरावी आणि काळजी करणारीला माहेरी धाडावे. हे शेजारणीला जरूर सांगा. फक्त तिचा नवरा मशीनवर असताना हाका मारून सांगू नका.