बिनकठड्याच्या मंडपाची हकिगत

श्रीदिशादेवता प्रसन्न, ज्या दाही बाजूंस उभ्या असतात आणि कोणाच्या हुकुमाने जागा सोडीत नाहीत. शके सोळाशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी एका राज्यात जो प्रकार घडला तो जैसा पाहिला तैसा लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही आणि लिहिणाराचेही लिहीत नाही, कारण शीर एकच आहे आणि ते खांद्यावर असावे अशी इच्छा आहे. वाचणारांनी वाचावे, परंतु मोठ्याने वाचू नये.

त्या राज्यात एक काळजी बारमाही होती. शेजारचा राजा जे करील ते आपल्याकडे अगोदर का जाहले नाही, ही ती काळजी. ऐशात हेर खबर घेऊन आले की शेजाऱ्याने डोंगरावर मंडप उभारिले आहेत, त्यांत ना देव, ना लग्न, ना कचेरी. लोक जातात, उभे राहतात, मुलूख पाहतात आणि परत येतात. सरकारांनी विचारिले, "पाहून करतात काय?" हेर म्हणाले, "महाराज, सुस्कारे टाकतात." मग सरकारांस अन्न गोड लागेना, आणि हुकूम जाहला की किल्ल्यामागील कातळाच्या सपाट सड्यावर आपलेही मंडप व्हावे, आणि आपल्या रयतेचे सुस्कारे शेजाऱ्याच्या रयतेहून लांब असावे.

हे काम निंबाजीस सांगितले. निंबाजी म्हणजे खेत्रोजी मानकरी यांचा थोरला पुत्र. घराण्याची रीत तलवारीची, परंतु याने परमुलखी जाऊन बांधकाम शिकून घेतले आणि तलवार खुंटीस टांगून ओळंबा हाती धरिला, त्यामुळे बाप त्याशी कामापुरतेच बोलत असे. निंबाजीने सड्यावर प्रथम वाऱ्याच्या वाटेत पोकळ बांबू रोविले, ते वारा आला म्हणजे घुमत आणि गेला म्हणजे गप्प होत. आणि लोक तेथे उभे राहून वाऱ्याची वाट पाहात. मग कातळात माणूस निजेल एवढा खळगा केला, त्यात निजले असता आभाळाखेरीज काही दिसू नये; तेथे पहिल्याच दिवशी कोतवाल निजले ते घोरू लागले, आणि ही कारागिरीची थोरवी की कोतवालांची, याचा वाद पुष्कळ चालला. आणि तिसरा मंडप कड्याच्या अगदी टोकावर केला. मागे दगडी भिंत, वर छप्पर, खाली सागाच्या फळ्या, एका अंगास चढावयाच्या पायऱ्या, दुसऱ्या अंगास उतरावयाच्या, आणि समोर काहीच नाही. समोर दरी, दरीत नदी, नदीपलीकडे शेजाऱ्याचा मुलूख धुरकट होत जातो तेथवर सारे उघडे. निंबाजीने विनंती केली की येथे कठडा नसावा, कठडा आला की माणूस कठडाच पाहतो. सरकार ऐकून फार खूष जाहले आणि म्हणाले, "आमच्या आणि मुलखाच्या मध्ये काडी येता कामा नये." आणि तशी गावोगाव दवंडी पिटली की सदरहू मंडपी जो कठडा म्हणेल त्याची जीभ जाईल.

मग उद्घाटनाचा दरबार तेथेच भरवावा असे ठरले, मागील भिंतीशी गादी मांडावी, म्हणजे सरकार बसल्या जागी मुलूख पाहतील. येथवर सर्व आनंद. परंतु त्या राज्याची एक चाल होती, ती सांगणे जरूर. सरकारांस मुजरा केल्यावर त्यांस पाठ दाखवू नये, तोंड सरकारांकडे ठेवून उलट पावली मागे मागे जावे ते दृष्टिआड होईपर्यंत. तिरपे जाऊ नये; तिरपे जाणे खेकड्याचे लक्षण, आणि मागील पिढीत एक मानकरी तिरपे गेले त्यांचे वतन गेले. जुन्या सदरेत गादीसमोर दार होते, मानकरी उलट पावली जाऊन दाराबाहेर पडत. या मंडपात गादीसमोर दार नव्हते, दरी होती. निंबाजीने सरकार कसे पाहतील याचा विचार वर्षभर केला. लोक परत कसे जातील याचा विचार केला नाही. दरबारात वाढलेल्या पोरास ही चाल श्वासाइतकी अंगवळणी, म्हणूनच ती डोळ्यांस दिसली नाही.

दरबाराची यादी वाचिली तेव्हा त्याच्या ध्यानी आले आणि त्याचा चेहरा मेणासारखा जाहला. कारण यादीत शेवटचा मुजरा खेत्रोजीबाबांचा. शेवटचा मुजरा हाच त्या घराण्याचा मोठा मान, त्यावाचून दरबार उठत नसे. आणि उलट पावली चालण्यात बाबांचा हात धरील ऐसा माणूस राज्यात नव्हता. ताठ मान, लांब पाऊल, मागे वळून पाहणे तर दूरच, पापणी हलवीत नसत.

निंबाजी धावत कारभारी गिरमाजीपंत यांजकडे गेला आणि म्हणाला, "पंत, निदान गादी फिरवून कड्याच्या बाजूस मांडा, म्हणजे लोक डोंगराकडे मागे जातील."

पंत म्हणाले, "आणि सरकारांची पाठ दरीकडे? दरीपलीकडे कोण आहे? सरकार शेजाऱ्यास पाठ देऊन बसले असे होईल. बोललास ते बोललास, मी ऐकिले नाही."

"मग ते... ते लाकूड आडवे लावू."

"कोणते लाकूड? नाव घे पाहू."

निंबाजीने नाव घेतले नाही.

"मग मुजरे तरी एक दिवस माफ करवा."

"सरकारांस सांगू काय, की आपण पसंत केलेला मंडप माणसे खातो? निंबाजी, मला नातवंडे आहेत."

मग तो घरी आला आणि बापाच्या पायांशी बसून म्हणाला, "आबा, त्या दिवशी दुखण्याचे निमित्त काढा. तुमच्या पाया पडतो."

बाबा म्हणाले, "तुझ्या आज्याने तापात मुजरा केला आहे. मी ठणठणीत असता अंथरुणात पडू?"

"मागे भुई नाही, आबा. चार पावलांवर दरी आहे."

"मग तसे बांधलेस कशाला?" असे बाबांनी विचारिले. मग आपणच म्हणाले, "पाठ दाखवून जगणारे पुष्कळ आहेत. आपल्यांत रीत नाही." आणि जेवावयास उठले.

गोष्ट गुप्त राहिली नाही. सर्व मानकऱ्यांस कळली आणि सर्वांनी ती आपणांस ठाऊकच नाही असे दाखविले. कोणी सहज फिरावयास जातो म्हणून मंडपी जाई आणि फळ्यांवर पाऊल टाकून पाही. कोणी परसात उलट चालण्याचा सराव करी आणि विहिरीपाशी आले की बायको ओरडे. मग एकाएकी अनेकांस पोटशूळ उठला. गिरमाजीपंतांनी वैद्य पाठविले, वैद्यांनी नाडी पाहून सर्वांस निरोगी ठरविले, कारण वैद्यांस मुजऱ्याचा मान नव्हता. आम्हीही यादीत होतो. आमची नाडी उत्तम निघाली, याचे इतके दुःख आम्हांस जन्मात जाहले नव्हते.

दरबाराचा दिवस उगवला. सकाळी सरकारांची स्वारी आली, चौघडा वाजला, आणि सरकार गादीवर बसले. समोर मुलूख उघडा, नदी चकाकत होती असे म्हणतात. आम्ही पाहिली नाही, आमची नजर सरकारांच्या जोड्यांवर. मग चोपदाराने पहिले नाव पुकारिले आणि त्याच क्षणी निंबाजी पुढे गेला, सरकारांस मुजरा केला, आणि उलट पावली मागे जात अगदी काठावर, टाचा फळीच्या शेवटास लावून उभा राहिला. तोंड सरकारांकडे, पाठ दरीकडे. कोणत्याही नियमाचा भंग नाही. जो मानकरी मागे मागे येई तो त्याच्या छातीवर आदळे, आणि निंबाजी त्याचे खांदे धरून त्यास उतरणीच्या पायऱ्यांकडे सारून देई. सारिलेला माणूस तिरपा गेला असे होत नाही, हे पंतांनी मनात लगेच मान्य केले. आमची पाळी आली. मागे जाता जाता कुलदैवताचे नाव आठवेना. मग पाठीस छाती लागली आणि आमच्या डोळ्यांतून पाणी आले. त्या छातीत काळीज केवढ्याने उडत होते ते आम्हांस आमच्या पाठीत समजले. भीती आम्हांसच वाटते असा आमचा समज होता, तो तेथे गेला.

याप्रमाणे सारे मानकरी सुखरूप उतरले आणि एकटे खेत्रोजीबाबा राहिले. मग सरकारांनी कपाळास आठी घातली आणि म्हणाले, "निंबाजी, आम्ही मघापासून पाहतो आहो. मुलूख दिसत नाही, तूच दिसतोस. बाजूस हो."

निंबाजी हालला नाही. हात जोडून म्हणाला, "महाराज, एक मुजरा राहिला आहे."

सरकार म्हणाले, "आमच्या आणि मुलखाच्या मध्ये काडी नको म्हटले होते. तू तर ओंडका आहेस." आणि हुजऱ्यांनी त्यास दंडास धरून ओढिले आणि पायऱ्यांपाशी दाबून धरिले.

मग चोपदाराने खेत्रोजीबाबांचे नाव पुकारिले. बाबा आले, वाकून तीन मुजरे केले आणि मागे निघाले. तेच लांब पाऊल, तीच ताठ मान. आम्ही सारे खाली उभे राहून पाहात होतो आणि आमच्यापैकी एकानेही तोंड उघडिले नाही, कारण सरकारांसमोर विनापरवाना बोलणाराची जीभ जाते. कोणी डोळे मिटिले. पंत छप्पर पाहू लागले. बाबांची टाच शेवटच्या फळीवर आली आणि पुढील पावलासाठी उचलली, तेव्हा निंबाजी हुजऱ्यांच्या हातातून गळा फाडून ओरडला, "आबा, वळा!"

बाबांनी टाच खाली ठेविली. सरकारांवरची नजर काढिली नाही, परंतु गालाची शीर उडू लागली. साऱ्या जन्मात त्यांनी गादीस पाठ दाखविली नव्हती, आणि साऱ्या जन्मात त्या पोराचे ऐकिलेही नव्हते. निंबाजी पुन्हा म्हणाला, परंतु आता हळू, घरात म्हणावे तसे, "वळा ना, आबा." आणि खेत्रोजीबाबा वळले. सरकारांकडे, गादीकडे, दरबाराकडे सबंध पाठ करून उभे राहिले. आता हे कोसळतील की पायऱ्या उतरतील, याची आम्ही वाट पाहू लागलो. तर बाबा तेथेच उभे. पुष्कळ वेळ उभे. मग त्यांनी पागोटे काढून काखेत धरिले आणि म्हणाले, "निंब्या, अरे, हे एवढे होते होय?"

सरकार रागाने तांबडे जाहले. निवाडा तेथेच जाहला: शेवटचा मुजरा खेत्रोजीच्या घराण्यातून गेला तो गेला, निंबाजीने ओरडण्याचा गुन्हा केला, परंतु शब्द बापास बोलला, सरकारांस नव्हे, म्हणून जीभ राहिली आणि बांधकामाचा परवाना गेला. बाबा हे ऐकत होते की नाही, सांगवत नाही. त्यांचे तोंड अजून दरीकडे होते आणि हुजऱ्यांस त्यांस हाताने वळवून खाली आणावे लागले.

मग गिरमाजीपंतांनी तोड काढिली. हुकूम कठड्याविरुद्ध होता, भिंतीविरुद्ध नव्हता. म्हणोन काठावर छपरापर्यंत भिंत घातली, मधोमध उलट पावली जाणाऱ्यांसाठी दार ठेविले, दाराबाहेर दरीवर तुळया काढून गच्ची केली आणि गच्चीस तीन बाजूंनी भिंती केल्या. आणि मोठ्या चिताऱ्याकडून भिंतीवर समोरचाच मुलूख रंगविला, दरी, नदी, सारे. नदी खऱ्याहून निळी. आता दूरदूरचे लोक येतात, पाहतात आणि फार लांब सुस्कारे टाकतात. सरकार संतुष्ट आहेत.

खेत्रोजीबाबा घरी बसून राहिले. मानकरी जाता येता डोकावत नसत. एके दिवशी जेवताना बाबांचा घास हातात राहिला आणि म्हणाले, "निंब्या, ते भिंतीपलीकडे अजून आहे का रे?"

निंबाजी म्हणाला, "आहे, आबा."

"मग चल की."

आणि बापलेक हात धुऊन निघाले, गुराख्यांच्या वाटेने कड्याला वळसा घालून गेले, आणि तेव्हापासून रोज जातात.

एकूण वर्तमान ऐसे: माणूस एकही पडला नाही, एक मान गेला, भिंत मजबूत आहे, मुजरे यथास्थित चालू आहेत. त्या दिवशी मंडपी सारा दरबार होता, त्यापैकी मुलूख एकाने पाहिला. आम्ही त्यापासून टाचभर अंतरावर जाऊन आलो. कसा आहे म्हणाल तर आम्हांस ठाऊक नाही. गुराख्यांची वाट विचारून ठेविली आहे. अद्याप धीर होत नाही. लेखनसीमा.