रशीदचाचांची डोलकाठी

तमाम वाचकांनी टोप्या सरळ करून ऐकावं. समुद्रापासून कित्येक कोस दूर असलेल्या आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याला एके काळी स्वतःचं आरमार होतं. त्यात एकच होडी होती आणि ती कळंबात रशीदचाचांच्या लाकडाच्या वखारीत, बैलगाडीवर उभी असे.

गिऱ्हाईक सागवानाचा भाव विचारायला येई आणि शिडाची माहिती ऐकून जाई. चाचा तरुणपणी लाकडाच्या व्यापारापायी रत्नागिरीकडे होते. येताना दोन गोष्टी घेऊन आले : होडीचं वेड आणि जैनबचाची. चाची म्हणजे गलबतावरच्या खलाशांच्या म्होरक्याची, तांडेलाची लेक. पण होडी बघायला तलावावर त्या कधी आल्या नाहीत.

तलाव नवा, गावापासून दोन कोसांवर. वाटेत चिंचांच्या फांद्या, तारखात्याच्या तारा. म्हणून डोलकाठी आडवी करून न्यायची आणि काठावर गेल्यावर उभी करायची. त्याला पाच-सहा माणसं लागत. मी मास्तर, त्यामुळे माझ्याकडे फक्त ओरडण्याचं काम. एकदा काठी निसटली ती सरपंचांचा फेटा घेऊनच पाण्यात गेली.

त्याच दिवशी चाचांनी जाहीर केलं, "बस्स! आता ही काठी एका माणसाच्या हातानं उठंल. न्हाय उठली, तर होडी फोडून चुलीत घालीन."

"सागवानावर शिजवलेली बिर्याणी लई झ्याक लागंल, चाचा," गाडीवान नामदेव म्हणाला.

चाचा कामाला लागले. काठीच्या बुडाला लोखंडी बिजागरी बसवली. काठी डावीउजवीकडे कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोर बांधले, आणि ते पुन्हा सोडायचेच नाहीत, काठीलाच गुंडाळून ठेवायचे. "निम्मा वक्त गाठी सोडण्यात जातो, मास्तर. हिकमत पाहिजे, हिकमत!" आडवी काठी नुसती पुढून ओढली तर जागची उठत नाही. म्हणून बुडापाशी एक आखूड दांडकं उभं केलं आणि काठीच्या शेंड्याला बांधलेला दोर त्याच्या टोकावरून पुढं नेला.

तो ओढायला नामदेवचे बैल जुंपले. बैल चालू लागले, काठी थाटात उभी राहिली, आम्ही टाळ्या पिटल्या. पण बैल मोटेचे! विहिरीवरच्या सवयीनं ते थोडं पुढं गेले आणि उलट्या पावली मागं आले. काठी आडवी. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. आमची डोलकाठी तलावाला कुर्निसात करत राहिली.

"चाचा," नामदेव ओरडला, "पानी कुन्या वाफ्यात सोडू?"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. वखार बंद ठेवून कप्प्या जमवत बसले. दोर एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. ओढायला दोर जास्त, पण जोर अगदी कमी.

"आता तुम्ही सहज उठवाल," मी म्हणालो.

"मी? माझ्या हातानं उठंल असं कवा म्हनलो मी?"

शुक्रवारच्या नमाजानंतर गाडी निघाली. गाडीत, होडीला टेकून, जैनबचाची बसल्या होत्या. निम्मं कळंब मागून चालत होतं. काठावर चाचांनी दोराचं टोक त्यांच्यापुढं धरलं. चाची मागं सरल्या.

"मी नाही हो. बाबांच्या गलबताला बाईचा हात चालायचा नाही. दोराला नुसती शिवले तरी ओरडा बसायचा."

"ते गलबत त्यांचं होतं," चाचा म्हणाले. "ही होडी तुमची हाय. ओढा."

चाचींनी पदर खोचला, दोर मनगटाभोवती घेतला. कप्प्या कुरकुरल्या. काठी उचलली, चढत गेली आणि आभाळात ताठ उभी राहिली. काठी पुन्हा पडू नये म्हणून बुडाशी खिळा ठोकायचा होता, पण चाचा हातोडी घेऊन चाचींकडे बघतच राहिले.

दोर घट्ट धरून, काठीच्या टोकाकडे मान वर करून, चाची सगळ्यांदेखत मोठ्यानं बोलून गेल्या,

"या अल्ला! एवढंच? आणि एवढ्यासाठी बाबा मला काठावर उभी ठेवायचे?"