काळ्या बुडाचा वाण

दाराची कडी वाजली. हळूच, एकदाच. पण धाकटा नुकताच झोपला होता, थोरली भिंतीशी बसून कागद रंगवत होती आणि घरात इतकी शांतता होती की ती कडी ताट पडल्यासारखी ऐकू आली. बागवालीने चहा ओठांपर्यंत नेलेला तसाच खाली ठेवला.

दारात शिवणकाकू. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, ओंजळीत एक टोमॅटो.

"अगं, तू दिलेल्या रोपाला फळं धरली," टाचणी काढून त्या कुजबुजल्या. "पण हे बघ."

टोमॅटो वरून लालबुंद होता. उलटा केला, तर बूड काळं, खोलगट, जुन्या चपलेच्या टाचेसारखं.

बागवाली हे नाव तिला गल्लीने दिलं होतं आणि तिनेही ते खुशाल मिरवलं होतं. एका पुडीतल्या बियांची रोपं करून तिने शेजारीपाजारी वाटली होती आणि वाटताना सांगितलं होतं, "लाल, गोल, मुठीएवढे येतील. नाही आले तर मला येऊन विचारा." लोक इतके आज्ञाधारक असतील असं तिला वाटलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटा चुळबुळला आणि घाईघाईत तिच्या तोंडातून निघून गेलं, "काकू, हा काळ्या बुडाचा वाण आहे. फार क्वचित मिळतो."

काकूंच्या कपाळावरच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या गेल्या. "तरीच. सगळ्या फळांना आहे. संध्याकाळी आमच्या विहीणबाई यायच्यात. काहीही दाखवा, त्यांच्याकडे त्याहून बरं असतंच. आज बघतेच."

अर्ध्या तासाने कुंपणावरून हाक आली. शेजारचे निवृत्त कंपाउंडरकाका उभे होते, टोमॅटो चिमट्यात धरून.

"सूनबाई, लक्षणं सांगतो. आठवडा झाला, लाल व्हायचं सोडून सगळं फळ काळपट जांभळं. डाग नाही, वास नाही, अळी नाही."

काकूंना मारलेली थाप अजून तिला टोचत होती. आता मात्र प्रामाणिकपणे सांगायचं, असं ठरवून ती ठामपणे म्हणाली, "काका, हा रोग. झाड उपटून टाका."

"फक्त फांद्या छाटून नाही भागणार?"

"मुळासकट."

संध्याकाळी, नवरा आल्यावर, उगाच खात्री करावी म्हणून तिने मोबाइलवर शोधलं. बुडाला काळा खोलगट डाग: आजार. पाणी कधी बदाबदा, कधी अजिबात नाही, असं झालं की होतो. सगळंच फळ काळपट जांभळं: खास वाण. गोडीला उत्तम.

"म्हणजे आजाऱ्याला प्रदर्शनात बसवलंस," नवरा मोजे काढत म्हणाला, "आणि धडधाकटाला फाशी दिलीस."

ती धाकट्याला कडेवर घेऊन धावली. ओढणीचं टोक धरून थोरलीही.

काकांच्या अंगणात झाड आडवं झालं होतं आणि काका कोपरापर्यंत साबण लावून हात धूत होते.

"काका, माझं चुकलं. झाड चांगलं होतं. त्याचा रंगच तसा."

काकांनी झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काढली," ते म्हणाले. "हे वाक्य मला नवीन नाही." आणि पिकलेली फळं तोडून टोपलीत ठेवायला लागले.

"काका, ती घेऊन काकूंकडे या. लवकर या."

पण उशीर झालाच होता. विहीणबाई ताठ बसल्या होत्या. समोर ताटलीत सहा टोमॅटो, बुडं मुद्दाम वर करून मांडलेले.

"फार क्वचित मिळतो हा वाण," काकू सांगत होत्या. आवाज खणखणीत, पण हाताने पदराचा काठ चुरगाळत होत्या.

विहीणबाईंनी एक उचलला, निरखला, परत ठेवला. "आमच्याकडे तीन वर्षं हाच येतोय," त्या म्हणाल्या. "आम्ही फेकून देतो."

काकूंचा चेहरा उतरला. बागवालीला तिथूनच काढता पाय घ्यावासा वाटला. पण ती आत गेली.

"काकू, चूक माझी. हा वाण नाही, आजार आहे. मला माहीत नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटली. कपडे शिवायची घाई असली की तुम्ही पाणी विसरता, आणि मोकळ्या झालात की दोन बादल्या ओतता. रोज बेताचं घातलंत की नवी फळं चांगली येतील."

"रोज बेताचं?" विहीणबाई एकदम पुढे सरकल्या. "एवढंच? आणि मी तीन वर्षं दुकानदाराशी भांडतेय."

"अगंबाई, म्हणजे तुमच्याकडेही आजारच?" काकूंनी विचारलं. इतक्या मायेने त्या विहिणीशी आजवर बोलल्या नव्हत्या.

तेवढ्यात काका टोपली घेऊन आले. त्यांनीच काळपट जांभळे टोमॅटो चिरून मीठ लावलं.

"आणि हे काय म्हणे?" विहीणबाई.

"हा खरा वाण," बागवाली म्हणाली.

"आता तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" असं म्हणत काकूंनीच पहिली फोड तोंडात टाकली. विहीणबाईंनी आपली बशी दुसऱ्यांदा पुढे केली, आणि काकांनी राहिलेल्या फोडींतल्या बिया रुमालात काढून घेतल्या.

परतताना धाकटा खांद्यावर झोपला. थोरलीच्या हनुवटीवरून रस ओघळला होता.

"आई, पुडीवर तर लाल होते ना?"

"हो गं. पुडीवर एक लिहिलेलं असतं आणि आतून निघतं वेगळंच. पण छान निघालं ना?"

थोरलीने मान डोलावली. चार पावलं चालली, थांबली, आणि वर बघत म्हणाली,

"आई, माझ्या पुडीवर काय लिहिलं होतं?"