अख्खी खालची रांग

दुपारची झोप आटोपून बाबांनी उशाशी ठेवलेल्या पेल्यात बोटं घातली आणि बोळक्या तोंडाने ओरडले, "कवळी गेली! खालची!"

लेकीने गादी उलटी केली, पलंगाखाली झाडू घातला. जावई मात्र जागच्या जागी गार पडला. संग्रहालयात मासे बरण्यांत भरून ठेवण्याचं त्याचं काम. तिथला फ्रीज बिघडला, म्हणून खोल समुद्रातला हातभर लांबीचा एक शार्क सध्या घरच्या फ्रीजमध्ये मुक्कामाला होता. जेवताना जावयाच्या जिभेला चेव आला होता. "दिसतो एवढासा, बाबा, पण देवमाशाच्या अंगाचा वाटीने काढल्यासारखा गोल लचका तोडतो! पोहणाऱ्या माणसांनाही चावलाय. आणि खालचे दात झिजले की अख्खी रांग एकदम सोडतो न् स्वतःच गिळतो. आत नवी तयारच!" पोटात तसे दात दिसतात का, हे बघायला सकाळीच त्याने शार्कचा एक्स-रे काढून घेतला होता; काय दिसलं ते अजून कळायचं होतं.

"झालं समाधान?" लेक नवऱ्यावर कडाडली. "नाही नाही ते त्यांच्या डोक्यात भरवलंत, आणि झोपेत गिळली त्यांनी!"

"टोचतंय गं आत," बाबा कण्हले.

त्याच एक्स-रेवाल्याकडे वरात गेली. "फोन करतो," तो म्हणाला. घरी येऊन बाबा पोटावर हात ठेवून आडवे झाले आणि कोणाला काय द्यायचं ते सांगू लागले. जावई देवापुढे उभा राहून पुटपुटला, "देवा, एवढ्या वेळी सांभाळ. पुन्हा जेवताना घास सोडून कशालाही तोंड उघडणार नाही."

फोन वाजला. घाईघाईत जावयाकडून तो स्पीकरवरच सुरू झाला.

"आहेत!" एक्स-रेवाला आनंदाने ओरडला. "पोटात दातांची अख्खी रांग आहे! अभिनंदन!"

"मग... आता काय करायचं?"

"करायचं काय? कापायचं! तुमच्या बाईंना कळवलंय, सुऱ्या घेऊन निघाल्यात. तोवर बर्फातून काढू नका, वास सुटेल."

बाबा ताडकन उठून बसले. पायमोज्यात हात घालून त्यांनी कवळी बाहेर काढली. "ही घ्या! नाही गिळली मी! त्या मेल्या माशाला नवी-नवी मिळते, आणि मी वर्षानुवर्षं ही डुगडुगती तोंडात धरून बसायचं? हरवली म्हटलं तर तुम्ही नवी कराल, असं वाटलं रे!"

लेक रडता रडता हसली. जावयाने डोळे मिटून हात जोडले. एवढ्यात बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. कवळीकडे बघत त्यांनी हळूच पोट चाचपलं.

"मग आत आहेत ते कुणाचे?"

दारावरची घंटा वाजली. संग्रहालयाच्या बाई रबरी हातमोजे चढवत आत आल्या, काखेत सुऱ्यांची पेटी. "कुठे आहे?"

बाबा न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लागली. तेव्हा कुठे जावयाच्या डोक्यात उजेड पडला. "बाबा, बाहेर या! त्या तुमच्यासाठी नाही आल्या!"

"म्हातारा गेला म्हणून सांग त्यांना!"

"गेलाय ते ठाऊक आहे हो," बाई दाराशी येऊन समजुतीने म्हणाल्या. "जिवंत कोण कापतंय?"

आतून दुसरीही कडी लागली.